टॉवेलाखालचा सौदा

सयाजीआबांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बेल्ह्याच्या बैलबाजारात उभी हयात दलाली करण्यात गेलेली. बैलाच्या शिंगांना ताजा रंग दिसला की हे ओळखणार, वय लपवलंय. विकणारा जरा जास्त गोड बोलला की समजणार, जनावर मारकं आहे. आण्याच्या पठारावर लोक म्हणायचे, सयाजीला प्रत्यक्ष देव भेटला तरी पाया पडायच्या आधी हा त्याचे दात बघेल.

असा माणूस बायकोला घेऊन क्वालालंपूरच्या विमानतळावर उतरला. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, पोटाशी आवळलेली पिशवी आणि नजर चौफेर. मागून कुशाबाई डाव्या गुडघ्यावर हात ठेवत, पाय ओढत येत होत्या. रात्रभर बसून त्यांचे पाय सुजले होते. मुंबईहून आलेलं विमान इथंवरच होतं. पुढचं, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराचं, संध्याकाळी. मधला अख्खा दिवस मोकळा होता.

पर्थला त्यांचा एकुलता एक मुलगा आदेश राहत होता. गेल्या काही वर्षांत एकदाच गावी आला, तोही चुलत्याच्या दहाव्याला. पस्तिशी ओलांडली तरी लग्नाचं नाव नाही. फोनवर तो विषय काढला की नेमकी रेंज जायची. आणि आता अचानक त्यानं दोघांची तिकिटं पाठवली होती. म्हणाला होता, "या तुम्ही. आल्यावर एक गोष्ट सांगायचीय." तेव्हापासून आबांचा डोळा लागत नव्हता.

त्यात हा मधला दिवस. आदेश म्हणाला होता, "दिवसभर खुर्चीत बसू नका आबा. एक मुलगी येईल तुम्हाला घ्यायला. तिच्याबरोबर शहर बघा."

"कोन मुलगी?"

"येईल ती. ओळखेल तुम्हाला," एवढं बोलून आदेशनं पावसापाण्याचं विचारायला सुरुवात केली होती. विषय बदलणाऱ्या माणसाइतका वाईट माणूस आबांच्या लेखी दुसरा नव्हता.

बाहेरच्या दारात हातात नावाची पाटी घेऊन पुष्कळ लोक उभे होते. त्यांच्यातून एक सावळी, चुणचुणीत मुलगी पाटीबिटी काही न घेता सरळ यांच्याकडे चालत आली. जीन पँट, कॉलरचा शर्ट, काखेत मोठी छत्री. हात जोडून म्हणाली, "आई? आबा? मैं शालिनी."

आबांनी पिशवी आणखी आवळली. त्यांना आबा म्हणणारी माणसं जगात मोजकी. बाजारात ते सयाजीशेठ, गावात सयाजीभाऊ. आबा फक्त घरात. आणि नाव शालिनी! परमुलखातली पोरगी, अन् नाव असं की उद्या आळेफाट्याला हाक मारली तर चार जणी वळतील.

"तुमको हमारा नाव कोन बताया?" आबांनी विचारलं.

"सब बताया है," ती हसून म्हणाली आणि कुशाबाईंच्या हातातली पिशवी घेऊन चालायला लागली.

शहरात जायला आगगाडी होती. डब्यात आबा खिडकीकडे वळले तर शालिनीनं त्यांना थांबवलं आणि कुशाबाईंना समोरच्या, गाडीच्या तोंडाकडे तोंड असलेल्या जागेवर बसवलं. "आई को उलटा बैठने से चक्कर आता है ना?" म्हणाली. कुशाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आळेफाट्याहून पुण्याला जाताना एस.टी.त उलटं बसल्या की त्यांना मळमळायचं, ही गोष्ट खरी होती. पण ती काही वर्तमानपत्रात छापून आली नव्हती.

गाडी सुटली. बाहेर नुसती पामची झाडं, एका ओळीत लावलेली, नजर जाईल तिथवर. आबांना एरवी कोणाचं रान बघितलं की बरं वाटायचं, पण आज त्यांचं लक्ष झाडांत नव्हतं. त्यांनी टॉवेल मांडीवर पसरला आणि त्याखाली हात सरकवला.

ही त्यांची जुनी खूण. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून किंमत सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. एक बोट म्हणजे जनावर टाकाऊ, पाची बोटं म्हणजे भरगच्च भाव. पटलं नाही तर हात बाहेर काढून घ्यायचा. हात आत राहिला की सौदा झाला, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आबांनी ही विद्या बायकोला शिकवली होती. नव्या नवरीला बैलांचा दलाल दुसरं काय शिकवणार? पण ती उपयोगी पडली. पाहुण्यांसमोर, भांडणात, सोयरिकी ठरवताना दोघं आयुष्यभर बोटांनी बोलत आले.

आता आबांनी कुशाबाईंचं एकच बोट दाबलं. म्हणजे, मला ही पोरगी पसंत नाही.

कुशाबाईंनी हात काढून घेतला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "तुमी बी ना. ही कोन हाय, कळलं का तुमाला?"

"कोन?"

"आदेशची."

 पाल आबांच्याही मनात चुकचुकली होती, फक्त तिला नाव द्यायचं धाडस झालं नव्हतं. आल्यावर सांगायची ती गोष्ट आधीच छत्री घेऊन समोर बसली होती.

"इचारू का सरळ?"

"काय नको. पोरगी लाजंल. त्यो सांगनारंय म्हनला ना? त्येच्या तोंडानं सांगू द्या. आपुन बघून घ्यायचं." मग आणखी आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "गळ्यात कायतरी हाय तिच्या. बघा, सारखं कॉलरीच्या आत सारती. लगीन उरकलंय वाटतं पोरांनी."

आबांना दरदरून घाम फुटला. त्या देशात तो तसाही फुटतोच.

इथं एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आबांच्या घामाचा अर्थ लागणार नाही. आदेश पुण्यात नोकरीला होता तेव्हा त्यानं एका मुलीचं नाव घरात काढलं होतं. उज्ज्वला. नर्सिंगचं शिकलेली, जुन्नरच्या पश्चिमेची, पार नाणेघाटाकडच्या डोंगरातली. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं. आबांनी मुलीला पाहिलंही नाही. ओट्यावर उभं राहून म्हणाले होते, "तिकडं आपुन बैल आनायला जातो, सून आनायला न्हाई." आदेश काहीतरी बोलायला गेला, तर आबांचा आवाज आणखी चढला होता. "सातासमुद्रापलीकडची आन, मड्डम आन, मी सोता ववाळून घेतो. पन ती नको." आदेशनं उलट शब्द काढला नाही. वर्षाच्या आत तो सातासमुद्रापलीकडे निघून गेला.

कुशाबाई त्या दिवशी आत चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्या काहीच बोलल्या नव्हत्या. त्यानंतर मात्र त्यांनी जुन्नरहून एक मोरपंखी साडी आणली आणि ट्रंकेत ठेवली. सुनेची म्हणून. कुठल्या सुनेची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. येताना ती साडी त्यांनी पिशवीत तळाला घातली होती.

स्टेशनावर उतरल्यावर शालिनीनं चहाच्या टपरीकडे नेलं. बाकीच्यांना फेसाळलेला, दुधाळ, गोडमिट्ट चहा मिळत होता. आबांच्या पुढ्यात आला तो बिनसाखरेचा. आबांना साखरेचा आजार जडला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ती गोष्ट त्यांनी गावातही दडवून ठेवली होती. ते कपाकडे बघत राहिले. मग तो शालिनीच्या पुढे सरकवून म्हणाले, "पैले तुम पियो."

कुशाबाईंनी कपाळावर हात मारला. पोरगी मात्र खुदकन हसली, कपातला एक घोट बशीत ओतून प्यायली आणि कप परत दिला. चहा चांगला होता. आबांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, पण चांगला आहे असं काही बोलले नाहीत.

मग दिवसभर शहर बघणं झालं. म्हणजे शहर कुशाबाईंनी बघितलं. आबांनी शालिनीला बघितलं. बैल विकत घ्यायचा तर उभा बघून घेत नाहीत, चालवून बघतात. आबा मुद्दाम चार पावलं मागे राहून तिची चाल बघत होते. ती भरभर चालणारी होती, पण कुशाबाईंच्या गुडघ्यासाठी पाय आवरत होती. जिथं जिना होता तिथं ती वळसा घालून लिफ्ट शोधत होती. रस्त्याच्या सावलीच्या अंगानं नेत होती. हे सगळं आबांच्या डोळ्यांनी टिपलं, आणि त्यामुळेच त्यांचा संशय वाढला. एवढं चांगलं कोणी उगाच वागत नाही.

आकाशात घुसलेले ते दोन जुळे मनोरे बघून झाल्यावर आबांनी आपला हुकमी डाव टाकला. बागेतल्या बाकावर टॉवेल मुद्दाम विसरले आणि चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर शालिनी थबकली, आबांच्या रिकाम्या खांद्याकडे बघितलं आणि पळत मागे गेली. टॉवेल झटकून, घडी घालून, दोन्ही हातांनी आणून दिला. आबांच्या गावात जन्मलेल्या पोरांनीही तो एका हातानं फेकला असता.

"गाव कोनसा तुमारा?" आबांनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं. पणजोबांच्याही आधीचं कोणी तरी मद्रासकडून बोटीनं आलं, रबराच्या झाडांवर काम करायला. मग इथलेच झाले. तिचं हिंदी टीव्हीवरचं आणि पाहुण्यांकडून शिकलेलं.

"पाहुणे लई येतात का तुमच्याकडं?" कुशाबाईंनी कौतुकानं विचारलं.

"बहोत," ती म्हणाली. कुशाबाईंनी नवऱ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. भरल्या घरातली दिसते.

एक गोष्ट मात्र आबांना खुपत होती. पोरगी दर थोड्या वेळानं बाजूला जाऊन फोनवर बोलायची. इंग्रजीत, हळू आवाजात. मधूनच यांच्याकडे बघायची. एकदा आबा खांबाआड उभे राहिले, तेव्हा त्यांना 'नी, नी' एवढंच ऐकू आलं. ते म्हणजे गुडघा, हे त्यांना डॉक्टरांमुळे ठाऊक होतं. आदेशला खबर देतेय, त्यांनी ताडलं. म्हणजे परीक्षा आपणच घेतोय असं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून खुपणारी. शहरात जागोजागी एका सोनेरी मूर्तीची चित्रं लावलेली होती. डोंगराएवढी मूर्ती, मागे रंगीत पायऱ्या, वर गुहा. जे ते पर्यटक तिकडेच निघालेले. आबांनी बोट दाखवून विचारलं, "ये किदर है? वहाँ चलो."

शालिनीनं मान हलवली. "वहाँ नहीं. आई के लिए अच्छा नहीं."

"का अच्छा नहीं?"

"कार्तिकस्वामी है ना," ती म्हणाली. "हमारा मुरुगन. आई नहीं देखेगी."

कुशाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आपल्याकडे बायकांनी कार्तिकस्वामीचं तोंड बघायचं नसतं. कुशाबाईंच्या आईनं ते पाळलं, आजीनं पाळलं. पण हे परमुलखातल्या पोरीला कसं कळलं? तिच्या लोकांत तर बायका त्याच देवाला दूध वाहतात, नवस बोलतात, हे तीच मघाशी सांगत होती.

"बघितलं?" कुशाबाईंचे डोळे भरून आले. "आपले रीतिरिवाज शिकतीय वो पोरगी. आपल्यासाठी."

"शिकवलं कुनी पन?" आबा म्हणाले. "आदेशला तर एकादस कधी अन् चतुर्थी कधी, ते धड ठावं न्हाई. त्येला ह्ये बायकांचं कुठून कळनार?"

 कुशाबाईंनी तो प्रश्न पदरासारखा झटकून टाकला. आबांनी मात्र मनात ठेवला.

दुपारी केळीच्या पानावर जेवण झालं. भात, तीन भाज्या, पापड आणि वाढणारा माणूस नको म्हटलं तरी थांबेना. आबा पैसे द्यायला उठले तर शालिनी म्हणाली, "हो गया. पहले ही दिया है." फुकट जेवण म्हटलं की आबांचा घास अडकायचा. कुशाबाई त्यांना म्हणाल्या, "आन्याच्या यात्रंत तुमीच बादल्या घेऊन आमटी वाढता का न्हाई? कोन कुठला, इचारता का कदी?" आबांनी मुकाट्यानं पान मिटलं. त्यांनी हात धुऊन टॉवेलाला पुसले आणि त्याच टॉवेलाखाली बायकोची तीन बोटं दाबली.

जेवून बाहेर पडतात तोच पाऊस आला. त्या मुलखात तो रोज दुपारी येतो म्हणे. शालिनीनं छत्री उघडली आणि कुशाबाईंच्या डोक्यावर धरली, मग हात लांब करून आबांच्याही. स्वतः बाहेर. केसांतून पाणी गळत होतं आणि ही विचारत होती, आई, पाय भिजला तर नाही ना? समोर देवीचं देऊळ होतं, शेजारी फुलांच्या माळांची दुकानं. तिघं घाईनं देवळाच्या ओवरीत शिरली.

देवीसमोर भिंतीला टेकून दोघं बसली. शालिनी पुन्हा फोनवर बोलायला बाजूला गेली. कुशाबाईंनी टॉवेल ओढून घेतला, आणि या वेळी त्यांनी बोली लावली. पाची बोटं. आबांनी हात काढून घेतला.

"आता काय खोड काढताय?"

"गावात काय सांगायचं?"

"मद्रासची हाय म्हनून सांगू. तुमीच म्हनला व्हता ना, सातासमुद्रापलीकडची आन? त्येनं आनली. आता ववाळा."

आबा पावसाकडे बघत बसले. त्यांना ओट्यावरचा तो दिवस आठवला. पोरगा मान खाली घालून उभा होता तो. तोंडातून गेलेला शब्द बैलासारखा दावं धरून माघारी आणता येत नाही. एकुलता एक लेक त्या शब्दामागे गेला तो गेलाच. आज ही पोरगी नको म्हटली तर उरलासुरला फोनही बंद होईल. आणि खरं सांगायचं तर पोरगीत खोड नव्हती. त्यांनी दिवसभर शोधली, सापडली नाही. त्यांनी स्वतः टॉवेलाखाली हात घातला, कुशाबाईंची पाची बोटं मुठीत धरली आणि सोडली नाहीत.

कुशाबाई उठल्या त्या गुडघा विसरून. बाहेरच्या दुकानातून नारळ आणि फुलं आणली. देवळातल्या माणसाकडून मूठभर तांदूळ मागून घेतले. पिशवीच्या तळाची मोरपंखी साडी काढली. शालिनी फोन संपवून आली तर तिला देवीसमोर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या ओल्या शर्टाच्या ओच्यात साडी, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली. पोरगी बावरली होती, पण ओटीत काहीतरी मंगल आहे एवढं तिला कळलं असावं. ती वाकून पाया पडली.

"सुखी ऱ्हा सूनबाई," कुशाबाई रडत म्हणाल्या. "सरळ सांगायचं व्हतं गं. आमी काय खाल्लं असतं का तुला? आता ते गळ्यातलं भाईर काढ. लपवू नको."

आबांनीही घसा साफ केला. "आदेश को बोलो, हमको पसंत है."

'सूनबाई' कळलं नाही, तरी 'आदेश' आणि 'पसंत' हे शब्द शालिनीला कळले. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिनं शर्टाच्या आतून ते काढलं. पिवळा दोरा, त्याला सोन्याचं छोटं पदक. "आबा," ती घाबरून म्हणाली, "मेरा तो शादी हो गया. दो बच्चा है. मेरा आदमी बस चलाता है. मैं गाइड हूँ. टूरिस्ट लोग को घुमाती हूँ."



"मग हे समदं..." कुशाबाईंना पुढे बोलवेना. "आईला चक्कर येते, चहा बिनसाखरेचा, कार्तिकस्वामी... ये सब तुमको आदेशने बोला?"

"आदेश सर को मैं जानती नहीं," शालिनी म्हणाली. "आपकी बहू ने बोला. मॅडम ने. बुकिंग भी उसने किया. सुबह से दस बार फोन किया, आई का घुटना कैसा है, आबा ने खाना खाया क्या." आणि तिला वाटलं, काहीतरी मोठा घोटाळा झालाय आणि तो आपल्याकडून निस्तरणार नाही. तिनं पटकन नंबर लावला, दोन वाक्यं इंग्रजीत बोलली आणि फोन मोठ्या आवाजावर करून कुशाबाईंपुढे धरला.

पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज आला, घाबरलेला, पण स्वच्छ मराठी.

"आई? मी उज्ज्वला बोलतीय. गुडगा लई सुजलाय का? बर्फ लावायला सांगू का तिला?"

आबांनी तो आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. पण ते बोलणं त्यांना ओळखीचं होतं. डांगी बैल आणायला घाटमाथ्यावर गेलं की ज्या घरात पाणी मिळायचं, त्या घरातलं ते बोलणं. सातासमुद्रापलीकडून आलं ते जुन्नरच्या पश्चिमेचं बोलणं आलं.

कुशाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला. "उज्ज्वला, म्हंजी तूच गं?"

"हा आई. पाच वर्सं झाली लग्नाला. ह्यांनी सांगितलंच न्हाई तुमाला. मीच म्हनलं औंदा, आता बोलवा, तोंडावर सांगा, काय व्हायचं ते व्हऊ दे." ती थांबली. "तुमी चिडलाय का?"

"मी तुझी साडी दिली गं तिला," कुशाबाई लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. "वटी बी भरली. मला वाटलं, हीच."

पलीकडे उज्ज्वला थोडं हसली, थोडं रडली. "असू द्या आई. भरलेली वटी माघारी घेत न्हाईत. तिला ऱ्हाऊ द्या." मग जरा वेळानं, जपून, "आबांना च्या बिनसाखरेचाच मिळाला ना?"

कुशाबाईंनी फोन नवऱ्यापुढे केला. आबांनी तो घेतला नाही. ते टॉवेलाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

पाऊस थांबल्यावर तिघं विमानतळाकडे निघाली. शालिनीनं साडी परत करू पाहिली, पण कुशाबाईंनी ती तिच्या छातीशी लावून वर आपला हात ठेवला. दारात तिनं दोघांना वाकून नमस्कार केला आणि गर्दीत गेली. आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे संशयाशिवाय बघितलं, तर तिची पाठच दिसली.

पर्थच्या विमानात बसल्यावर पट्टे लावून झाले. बाहेर ऊन उतरलं होतं. आबा समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते. त्यांना एकच वाटत होतं की आपण फसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"फसवलं आपल्याला," शेवटी ते म्हणाले. "पाच वर्सं. पोटच्या पोरानं."

"फसवलं न्हाई," कुशाबाई म्हणाल्या. त्या दिवशी चुलीपाशी जे बोलायचं राहिलं होतं, ते त्या आज बोलत होत्या. "तुमी दिसभर पोरगी पारखली. पाय आवरून चालती, सावलीनं नेती, समदं बघितलं. तुमच्या आजाराचं गावाला ठावं न्हाई, उज्ज्वलाला ठावं. मी कार्तिकस्वामीचं तोंड बघू नये म्हनून तिकडून तिनं रस्ता बदलला. ती शालिनी नुसता हात व्हती वो. तुमी दिसभर भाव केला, तो उज्ज्वलाचा केला. अन् पाची बोटं तुमीच दिली."

 विमान हळूहळू धावपट्टीकडे सरकायला लागलं.

कुशाबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दोघांच्या मांडीवर पसरला. खाली हात घालून त्यांनी नवऱ्याचा हात शोधला, त्याची पाची बोटं मुठीत धरली आणि डोळे मिटून घेतले.

त्या वाट बघत होत्या, तो हात आता बाहेर निघेल, मग निघेल. विमान उडालं, खालची पामची झाडं बारीक होत गेली, मग समुद्र आला. आबा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांची टोपी डोळ्यांवर आली होती.

हात आतच राहिला.